लीन मॅन्युफॅक्चरिंग: मशीनपाशी विचारले जाणारे प्रश्न

ट्रेनिंग हॉलमध्ये फारसं कुणी प्रश्न विचारत नाही. हॉलमधून बाहेर पडून मशीनपाशी आलं की मग एकेक जण तोंड उघडतो. खालचे बहुतेक प्रश्न असे मशीनपाशी विचारलेले आहेत. मी बरीच वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली आहेत, त्यामुळे उत्तरांत माझी मतंही आली आहेत.

लीन म्हणजे नेमकं काय?

ऑर्डर हातात पडल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत जो वेळ जातो, त्यात प्रत्यक्ष काम किती वेळ चालतं आणि नुसतं पडून राहणं किती, हे बघायचं आणि पडून राहणं कमी करत जायचं. माझ्या लेखी लीन एवढंच आहे. बाकी सगळी हत्यारं त्यासाठीच आहेत.

आपल्याच शॉपचा हिशोब करून बघा. समजा, शॉपमध्ये अर्धवट आणि पूर्ण मिळून १२०० नग पडलेत आणि रोज १५० नग डिस्पॅच होतात. म्हणजे आज आत आलेला नग सरासरी ८ दिवसांनी बाहेर पडणार. आता त्याच नगावर मशीन प्रत्यक्ष किती वेळ चालतं ते घड्याळ लावून मोजा. पाऊण तास भरला तरी खूप झालं. उरलेले आठ दिवस तो ट्रॉलीत, रॅकमध्ये नाहीतर तपासणीच्या टेबलाखाली बसलेला असतो. सगळे मात्र ‘मशीनचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) पाच सेकंदांनी कसा कमी करू’ याच्या मागे लागलेले दिसतात.

ही पद्धत आली कुठून?

जपानमधून, टोयोटाकडून. पण तिचं मूळ मोटारीच्याही आधी कापड विणायच्या मागात आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड विणलं जात नसे आणि प्रत्येक मागापाशी एक माणूस राखणीला उभा करावा लागत नसे. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो मोटारींकडे वळले आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. ‘हवं तेव्हा, हवं तेवढंच’ ही कल्पना किइचिरोंची. तिला शॉपफ्लोअरवर अंगात भिनवलं ते टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांनी.

‘लीन’ हा शब्द मात्र जपानी नाही. जॉन क्राफ्चिक या अमेरिकन संशोधकाने तो १९८८ च्या एका लेखात वापरला. जेम्स वोमॅक आणि डॅनियल जोन्स यांच्या लिखाणातून तो जगभर गेला.

मूळ तत्त्वं किती आणि कोणती?

वोमॅक आणि जोन्स यांनी १९९६ मध्ये पाच मांडली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मूल्य कशात आहे ते ठरवा. ते मूल्य कुठून कुठे वाहतं त्याचा नकाशा काढा. तो प्रवाह न अडखळता वाहू द्या. पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवू नका. आणि हे पुन्हा पुन्हा करत राहा.

परीक्षेत लिहायला एवढं पुरतं. अडतं ते पहिल्याच तत्त्वापाशी. ‘मूल्य’ म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे देईल ते. भोक पाडलं, त्याचे पैसे मिळतात. भोक पाडलेला नग तीनदा उचलून तीन जागी ठेवला, त्याचे कोण देणार? तपासणीचेही मिळत नाहीत, हे ऐकून क्वालिटीवाले चिडतात. पण आत्ता ती गरजेची आहे आणि तिला मूल्य नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ती आज काढून टाका असं कुणी म्हणत नाही. तिची गरज का पडते, ते शोधा.

सात प्रकारची नासाडी म्हणतात, ती कोणती?

ओनोंनी केलेली यादी: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची फुकट हालचाल आणि रिजेक्शन. जपानीत नासाडीला ‘मुडा’ म्हणतात. पुढे लोकांनी आठवी जोडली: माणसाची अक्कल न वापरणं. ओनोंच्या यादीत ती नव्हती, पण माझी तक्रार नाही.

सातही सारख्या तोलाच्या नाहीत. जास्त उत्पादन ही बाकीच्यांची आई. आज नको असलेला माल बनवला की तो ठेवायला जागा लागते, उचलायला ट्रॉली लागते, मोजायला माणूस लागतो, गंजू नये म्हणून तेल लागतं आणि त्यात चूक असेल तर ती कळायला आठवडा लागतो. आणि हीच नासाडी सगळ्यात जास्त शाबासकी मिळवते, कारण शिफ्टच्या रिपोर्टमध्ये ती ‘टार्गेटच्या वर’ म्हणून झळकते!

मुडाचे दोन भाऊ आहेत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ‘मुरा’ म्हणजे चढउतार: महिन्याचे पहिले वीस दिवस निवांत आणि शेवटचे दहा दिवस रात्रंदिवस. ‘मुरी’ म्हणजे माणसावर किंवा मशीनवर झेपणार नाही एवढा ताण. महिनाअखेरची धावपळ तशीच ठेवून नुसता मुडा शोधत फिरलात, तर काढलेला मुडा पुढच्या महिन्यात परत येतो.

मोठी बॅच स्वस्त पडते, मग छोटी का करायची?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणारा माणूस बहुधा हुशार असतो. सेटिंगला, म्हणजे मशीन दुसऱ्या नगासाठी तयार करायला, तीन तास लागत असतील तर पन्नास नगांसाठी कोण करेल?

आधी वेळेचं गणित बघू. चार मशीन, प्रत्येकावर नगामागे १ मिनिट, ऑर्डर १०० नगांची. शंभरच्या शंभर नग एका मशीनवर करून मग पुढे ढकलले तर पहिला पूर्ण नग ३०१ व्या मिनिटाला हातात येतो आणि ऑर्डर ४०० मिनिटांनी संपते. एकेक नग लगेच पुढे दिला तर पहिला नग चौथ्या मिनिटाला आणि शंभरावा १०३ व्या मिनिटाला. मशीन तीच, माणसं तीच, सायकल टाइम तोच.

दुसरी गोष्ट आकड्यांत दिसत नाही. मी नवीन असताना एका कारखान्यात ब्रॅकेटला भोकं पाडायचं काम माझ्याकडे होतं. सहाशे नग मारले, ट्रॉल्या भरून रॅकला लावल्या. तिसऱ्या दिवशी असेंब्लीवाल्याचा निरोप आला की बोल्ट बसत नाही. पहिले दीडशे ठीक होते, पुढचे सगळे एका बाजूला सरकलेले. एकेक नग लगेच असेंब्लीला जात असता तर पहिल्याच सरकलेल्या ब्रॅकेटला ओरड झाली असती. इथे साडेचारशे नग गेले, आणि चूक नेमकी कधी सुरू झाली हे सांगायला कुणाला काही आठवत नव्हतं.

म्हणून ‘बॅच स्वस्त पडते’ म्हणताना फक्त सेटिंगचा खर्च मोजलेला असतो. चूक किती उशिरा कळते, याचा रकाना कॉस्टिंगच्या तक्त्यात नसतोच.

पण सेटिंगला लागणारा वेळ कसा कमी करायचा?

जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी या कामाला बरीच वर्षं दिली. १९६९ साली टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं सेटिंग बदलायला चार तास लागायचे. सहा महिन्यांत ते दीड तासावर आलं आणि पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘सिंगल मिनिट’ असं आहे. अनेकांना वाटतं एका मिनिटात करायचं. तसं नाही. मिनिटांचा आकडा एकअंकी हवा, म्हणजे दहाच्या आत.

युक्ती साधी आहे. सेटिंगचा व्हिडिओ काढा आणि प्रत्येक कामापुढे लिहा: हे मशीन थांबवूनच करावं लागतं की चालू असतानाही करता आलं असतं? पुढची डाय आणणं, पाना शोधणं, गेज मागवणं, क्रेनची वाट बघणं ही सगळी दुसऱ्या रकान्यात जातात. पैसा न खर्चता बहुधा निम्मा वेळ इथेच सुटतो. त्यानंतर लांब बोल्टऐवजी झटकन बसणारे क्लॅम्प, सगळ्या डायची उंची सारखी करणं वगैरे. बोल्ट आवळताना शेवटच्या आट्यालाच पकड येते. आधीचे पंधरा आटे नुसता प्रवास आहे.

टॅक्ट टाइम आणि सायकल टाइम एकच ना?

नाही. टॅक्ट टाइम गिऱ्हाईक ठरवतं, सायकल टाइम तुमचं मशीन.

पाळी ४८० मिनिटांची. सुटीचे ३० आणि साफसफाई-मीटिंगचे १० वजा केले की उरतात ४४०. मागणी रोज २२० नगांची. म्हणजे दर २ मिनिटांनी, १२० सेकंदांनी, एक नग बाहेर पडायला हवा. हा टॅक्ट. आता तीन माणसांची कामं मोजली: ९५, १४० आणि ७० सेकंद. मधला माणूस दिवसभर मार खातो आणि तिसरा उभा राहून त्याच्याकडे बघतो. मधल्याचं २५ सेकंदांचं काम तिसऱ्याला दिलं की ९५, ११५, ९५ होतं आणि लाइन टॅक्टमध्ये बसते.

‘आणखी वेगात चालवू’ असा मोह होतो. टॅक्टपेक्षा वेगात चालवलं की जास्त उत्पादन झालं, म्हणजे वर सांगितलेली आई घरात आली.

कानबान म्हणजे कार्डच ना?

कार्ड असेल, रिकामा बिन असेल, जमिनीवर आखलेला चौकोन असेल किंवा संगणकावरचा सिग्नल असेल. अर्थ एकच: पुढच्याने वापरलं, आता तेवढंच भरून दे. ओनोंना ही कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचली. गिऱ्हाईक फळीवरून उचलतं आणि जेवढी जागा रिकामी होते तेवढाच माल मागून भरला जातो.

किती कार्डं लागतील? रोजची गरज ४०० नग, भरून यायला अर्धा दिवस, सुरक्षेसाठी २० टक्के जास्त, एका बिनमध्ये ४० नग. ४०० गुणिले ०.५ गुणिले १.२ म्हणजे २४०, भागिले ४० म्हणजे ६ कार्डं. यापेक्षा जास्त माल शॉपमध्ये असूच शकत नाही, कारण कार्डाशिवाय बनवायचं नाही.

हा नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो. कुणीतरी मॅनेजर येतो, ‘उद्या मटेरियल येणार नाही, आजच दोन बिन जास्त मारून ठेवा’ म्हणतो आणि कार्डं भिंतीवरची शोभा होऊन बसतात. कार्डं सुरू केलीत तर एक ठरवा: ती वाढवायची-कमी करायची कुणी, आणि त्याने ते कुणाला विचारून करायचं. मग हळूहळू सहाची पाच करा. पाचावर लाइन अडली तर कुठे अडली ते दिसेल. कानबानचा खरा उपयोग इथे आहे.

कामगाराने लाइन थांबवायची? मग टार्गेटचं काय?

साकिचींच्या मागाची कल्पना माणसापर्यंत आणली की हेच होतं. जपानीत तिला ‘जिदोका’ म्हणतात. चूक दिसली की ऑपरेटर दोरी ओढतो, वर अँडॉनचा, म्हणजे इशाऱ्याचा, दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. दोरी ओढली की लाइन त्याच क्षणी थांबते असा गैरसमज आहे. नग त्या स्टेशनची ठरलेली रेघ ओलांडेपर्यंत वेळ असतो. तेवढ्यात दुरुस्त झालं तर लाइन थांबत नाही.

दिवा बसवणं सोपं. दिवा लागल्यावर आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो त्यावर सगळं ठरतं. ‘काय झालं, दाखव’ म्हणाला तर दोरी पुढेही ओढली जाईल. ‘आता काय केलंस?’ म्हणाला तर त्या दिव्याला पुन्हा वीज लागणार नाही.

‘पाच वेळा का विचारा’ याचा खरंच उपयोग होतो?

होतो, जर प्रत्येक ‘का’ जागेवर जाऊन विचारला तर. वरच्या ब्रॅकेटचंच घ्या. भोकं का सरकली? नग फिक्श्चरमध्ये (नग धरून ठेवणाऱ्या पकडीत) नीट बसला नव्हता. का? टेकूखाली लोखंडाचा कीस अडकला होता. तो साफ का केला नाही? हवेच्या गनचा पाइप त्या बाजूला पोचत नव्हता. का? महिन्यापूर्वी मशीन फिरवून ठेवलं, हवेची लाइन जुन्या जागी राहिली. ती का राहिली? मशीन हलवताना काय काय तपासायचं याची यादीच नव्हती.

आमच्या रिपोर्टवर मात्र पहिल्याच ‘का’पुढे ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ असं लिहून खाली सही झाली होती. तो ऑपरेटर म्हणजे मी. उत्तरात माणसाचं नाव आलं की शोध तिथेच थांबतो. नाव आलं तर आणखी एकदा ‘का’ विचारा.

फाइव्ह एस म्हणजे साफसफाईच की?

नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, स्वच्छ करा, याची पद्धत बसवा, ती टिकवा. जपानी नावं सेइरी, सेइटोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. साफ करताना तेलगळती दिसते, सैल बोल्ट दिसतो. म्हणून साफसफाई हीच तपासणी. ऑडिटच्या आदल्या दिवशी रंग मारून होतो तो फाइव्ह एस नाही. ओळख साधी: नवख्या माणसाला ‘दहाचा पाना आण’ म्हणा. अर्ध्या मिनिटात, कुणाला न विचारता आणला, तर आहे.

लीन म्हणजे माणसं कमी करायची पद्धत आहे, असं कामगार म्हणतात. खोटं आहे का?

पूर्ण खोटं म्हणता येत नाही. अनेक ठिकाणी लीनच्या नावाखाली तेच झालं आहे आणि त्याची किंमत पुढे मालकांनीच मोजली आहे. ऑपरेटरने सुचवलेल्या सुधारणेने दोन माणसं मोकळी झाली आणि पुढच्या महिन्यात त्या दोघांना घरी पाठवलं, तर पुढची सूचना कोण देईल?

टोयोटालाही हे फुकटात समजलेलं नाही. १९५० मध्ये कंपनी बुडण्याच्या काठावर होती, कामगार कमी करावे लागले, मोठा संप झाला आणि किइचिरो टोयोडांनी अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर कायम कामगारांच्या नोकरीची हमी हा त्या व्यवस्थेचा पाया झाला.

माणसांबद्दलचं आणखी एक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये तिथला कारखाना बंद केला, तेव्हा गैरहजेरी आणि भांडणं यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तिथेच ‘नुमी’ सुरू केली आणि कामावर घेतले ते बहुतांश जुनेच कामगार. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्याच्या तोडीचा झाला.

साठाच ठेवला नाही आणि पुरवठा तुटला तर?

तर लाइन थांबते. टोयोटाचीही थांबली. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन सेइकीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. जपानमधले बहुतेक असेंब्ली कारखाने बंद पडले. मग इतर पुरवठादारांनी ड्रॉइंग मागवून, हाताशी असलेल्या मशीनवर ते व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि आठवड्याच्या आत गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

२०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपसारख्या जोखमीच्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१ मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा सुरुवातीचे महिने त्यावर निघाले. म्हणजे ‘साठा शून्य’ हे लीनचं वचन नाहीच. ठेवलेल्या प्रत्येक नगामागे कारण सांगता आलं पाहिजे. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे कारण नव्हे.

सिक्स सिग्मापेक्षा हे वेगळं कसं?

सिक्स सिग्मा ही दर्जा सुधारायची पद्धत. ती १९८६ मध्ये मोटोरोलात सुरू झाली आणि तिचा रोख मापांतल्या चढउतारावर आहे. लीनचा रोख वेळेवर. दोन्ही एकत्र चालतात. सुरुवातीला मात्र बहुतेक शॉपना आकडेशास्त्राची गरज पडत नाही. ट्रॉल्या मोजल्या तरी पुरतं.

मशीनची ओईई वाढली म्हणजे लीन झालं का?

ओईई म्हणजे मशीनचा एकूण किती उपयोग झाला त्याचा आकडा. समजा, उपलब्धता ९० टक्के, वेग ९५, दर्जा ९८. गुणाकार केला की ओईई येते जवळपास ८४ टक्के. जिथे माल अडतो त्या मशीनसाठी हा आकडा सोन्याचा आहे. बाकीच्या मशीनची ओईई वाढवायच्या नादात लोक नको असलेला माल मारत बसतात. मी एकच आकडा बघायचा म्हटलं तर ऑर्डरपासून डिस्पॅचपर्यंतचे दिवस बघेन.

सुरुवात कुठून करायची?

एक पार्ट निवडा, जो रोज लागतो. डिस्पॅचपासून उलटं चालत स्टोअरपर्यंत जा. वही-पेन घ्या, लॅपटॉप नको. प्रत्येक मशीनपाशी किती नग पडलेत ते स्वतः मोजा. सिस्टीममधला आकडा लिहू नका, तो जुळत नाही. ओनो खडूने जमिनीवर वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात तासन् तास उभं करायचे आणि मग विचारायचे, काय दिसलं? एखाद्या पाळीला तुम्हीही तसे उभे राहून बघा. पहिला अर्धा तास सगळं ठीक वाटतं. मग लक्षात येतं की एक माणूस दर वीस मिनिटांनी कुठेतरी जातोय. तो कुठे जातो ते त्याच्या मागे जाऊन बघा.